विन्यो व्हेर्द : गोव्याला नीट न पोचलेली वाइन आणि बाबांची खतावणी



गोव्याबाहेरचे पाहुणे घरी आले की एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्याकडे साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते, मग इथली खरी पोर्तुगीज वाइन कुठली?" आणि जाताना बहुतेक जण गोडसर लाल 'पोर्ट वाइन'ची बाटली पिशवीत घालून नेतात. ती बाटली बहुधा इथेच भरलेली असते. द्राक्षं बंगळुरूकडची निळी, साखर सढळ हातानं घातलेली. पोर्तुगालच्या पोर्टशी तिचं नातं नावापुरतंच. याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण त्यामुळे एक जुनी गोष्ट झाकली जाते. पोर्तुगालची जी वाइन आपल्या नुस्त्याच्या जेवणाला सगळ्यात जास्त मानवली असती, ती 451 वर्षांत गोव्याला कधी धडपणे पोचलीच नाही. का पोचली नाही, याचा काही भाग इतिहासाच्या पुस्तकांत आहे, काही भाग आमच्या घरातल्या एका खतावणीत होता.

आधीच सांगतो. मी बँकेतून निवृत्त झालेला साधा कॉमर्सवाला. वाइनचा जाणकार वगैरे नाही, आणि आमच्या घरात तर पिण्याची पद्धतच नव्हती. ज्यांना या विषयाचं वावडं आहे त्यांनी यातला फक्त व्यापाराचा आणि माणसांचा भाग वाचावा.

या वाइनचं नाव विन्यो व्हेर्द. शब्दशः 'हिरवी वाइन'. रंग हिरवा नसतो, पांढरी म्हणजे फिकट पिवळसर असते. 'हिरवी' म्हणजे कोवळी, ताजी, लवकर प्यायची, असा अर्थ बहुतेक जण सांगतात. तो प्रदेशच हिरवागार आहे म्हणून हे नाव, असंही काही म्हणतात. पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात, मिन्यो नदीपासून दोरो नदीच्या थोडं खालपर्यंतचा हा मुलूख. अटलांटिकवरून येणारा पाऊस, जमीन ग्रॅनाइटची, शेतं लहान लहान तुकड्यांची. 1908 साली सरकारनं कायद्यानं या प्रदेशाची हद्द आखून दिली. त्या हद्दीतल्या द्राक्षांचीच वाइन हे नाव लावू शकते.

आता यातली गंमत बघा. तिथल्या शेतकऱ्याकडे जमीन थोडी. मधल्या जमिनीत तो मका लावायचा, कारण भाकरी मक्याची. मग द्राक्षाची वेल कुठे? बांधावर. झाडावर चढवलेली, नाहीतर दगडी खांबांच्या उंच मांडवावर सोडलेली. तोडणीला शिडी लागायची. आपल्या फोंडा महालातलं कुळागर ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आपण पोफळीवर मिरीची वेल चढवतो, खाली केळ, अननस लावतो. एकाच जागेत दोन-तीन पिकं. पण मांडव उंच आणि पाऊस भरपूर असल्यामुळे तिथलं द्राक्ष पुरतं गोड होत नाही, आंबटपणा राहतो. साखर कमी म्हणून वाइनमधलं मद्यार्कही कमी, साधारण साडेआठ ते साडेअकरा टक्के. वर जिभेला बारीक चुणचुण लावणारे बुडबुडे. पूर्वी हा वायू बाटलीतच तयार व्हायचा, आता बाटली भरताना थोडा सोडतात.

ही पांढरी वाइन बहुतेक वेळा एका जातीच्या द्राक्षाची नसते, मिश्रण असतं. मला हे भागीदारी पेढीसारखं वाटतं. लोरेइरो हा सुवासाचा भागीदार. त्याच्या नावातच तमालपत्राच्या जातीचं झाड आहे, वास फुलांचा येतो. आरिंतो हा आंबटपणाचा, म्हणजे पेढीचा कणा. त्राजादुरा हा मवाळ, आंबटपणाला मऊ करणारा. कुठे आवेसो, कुठे आझाल. आल्वारिन्यो हा श्रीमंत भागीदार. उत्तरेला मोंसांव आणि मेल्गासु भागात तो एकटाच बाटलीत बसतो, आणि भावही जास्त घेतो. बाकीच्या गावांत मात्र शेतकऱ्यानं चार जाती एकत्र लावायच्या, एक जात पावसानं गेली तर दुसरी हाताशी राहील, हा जुना व्यवहार. चवीच्या आधी यात जोखीम वाटून घेण्याचं शहाणपण आहे.

मग ही वाइन गोव्याला का आली नाही? पहिलं कारण समुद्र.

लिस्बनहून निघालेली गलबतं आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून सहा-सहा महिन्यांनी मांडवीच्या तोंडाशी लागत. खलाशांना रोजचा वाइनचा शिधा असे, तेव्हा पिंपं भरभरून निघत. पण उन्हात तापणाऱ्या पिंपात हलकी वाइन टिकत नाही, तिचा शिर्का होतो. टिकली ती फक्त ब्रँडी घालून कडक केलेली. मादेइरा बेटाची वाइन तर या प्रवासात तापून जास्तच चांगली लागते असं लोकांच्या लक्षात आलं, आणि जाऊन परत आलेल्या पिंपांना युरोपात वेगळं नाव आणि वेगळा भाव मिळू लागला. म्हणजे गोव्याच्या वाटेनं कडक वाइनचं नशीब उघडलं, हलक्या वाइनचं मिटलं. मिन्योची कोवळी वाइन पुढच्या सुगीपर्यंत संपवायची असते. ती सहा महिने दर्यावर काय तग धरणार?

याचा पुरावा आपल्या रांधपातच आहे. पोर्तुगीज खलाशी मांस टिकवायला वाइन आणि लसूण वापरत. त्या मुरवणाला 'विन्या द आल्योस' म्हणत. विन्यो म्हणजे वाइन, आल्यो म्हणजे लसूण. गोव्यात वाइन महाग आणि बेभरवशाची, पण माडाची सूर दारात. रेंदेर रोज माडावर चढतो, सुरेचं विनागर आपोआप होतं. तेव्हा वाइनची जागा माडाच्या विनागरानं घेतली, मिरच्या आणि मसाला आला, आणि विंदाल्यू तयार झालं. पुढे इंग्रजांच्या खानावळींत आणि नंतर सगळीकडे त्याचं 'विंदालू' झालं, आणि 'आलू' ऐकून लोकांनी त्यात बटाटे घातले. वाइन गेली, तिचं नाव तेवढं राहिलं. मोठ्या पोटाची, वेताच्या विणीत बसवलेली काचेची बाटली, जिला आपण गराफांव म्हणतो, तीही मूळची वाइनचीच. आज तिच्यात फेणी असते.

दुसरं कारण जवळच्या काळातलं, आणि इथे बाबा येतात.

माझे बाबा सेगुंद ग्राव झालेले, मडगावात एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. बाहेरून माल आणणारी पेढी. बिलं पोर्तुगीजमध्ये यायची, पण किर्द-खतावणी मराठीत लिहिली जायची. त्या काळी बऱ्याच हिंदू पेढ्यांत हीच रीत होती. वाइन पिणारे बहुतेक ख्रिस्ती शेजारी आणि गोरे अंमलदार, पण वाइनची नोंद करणारा हात एखाद्या सोवळ्या घरातल्या कारकुनाचा. पेटी उघडून बाटल्या मोजाव्या लागत म्हणून आजी बाबांना संध्याकाळी ओट्यावरच हातपाय धुवायला लावी. "दुकानाचा वास घरात नको," म्हणायची. पगार मात्र त्याच वासाचा होता, हे तिलाही ठाऊक होतं.

तेव्हाच्या पोर्तुगालात सालाझारचं राज्य. देशात वाइन गरजेपेक्षा जास्त पिकायची. वाइन प्याल तर दहा लाख पोर्तुगीजांच्या तोंडी भाकर पडेल, असा सरकारी प्रचारच होता. उरलेला माल वसाहतींत. 1955 मध्ये भारत सरकारनं सीमा आणि व्यापार पुरता बंद केल्यावर गोव्याची बाजारपेठ आणखीच समुद्राकडे वळली. खनिजाची निर्यात जोरात होती, हातात परकी चलन होतं. माझ्या वयाच्या मंडळींना हॉलंडचे बटाटे आठवत असतील. 1959 मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो. बाबांनी त्या वर्षी सगळी खाती सहानं गुणून पुन्हा लिहिली. दिवाळीतही रात्री कंदिलाशी बसलेले मला आठवतात.

ती खतावणी पुढे मी बँकेच्या नजरेनं वाचली. तांबड्या वाइनचे गराफांव नियमित येत, पोर्ट येई, ब्रँडी येई. विन्यो व्हेर्दच्या नावानं मोजक्याच नोंदी, आणि प्रत्येकीसमोर 'फुटतूट' लिहिलेलं. आता बोट सुएझमधून काही आठवड्यांत येत होती, तरी मुरगांव बंदरातून माल सुटेपर्यंत आणि मग पत्र्याच्या गुदामात वाइन तापायची. आतल्या वायूनं बुचं वर यायची, काही बाटल्या गळायच्या. ज्या राहायच्या त्यांची चव उतरलेली. थंडगार प्यायची वाइन, आणि फ्रीज गावात दोन-चार घरांत. आमच्या शेजारच्या बायला बाबांनी एकदा विचारलं होतं की ही वाइन कोणी घेत का नाही. ती हसून म्हणाली, "हो सोरो न्हय बाब, हें आंबट उदक!" पेढीनं मग ती मागवणं बंद केलं. खतावणीतलं ते खातं शेवटच्या पानावर तूट दाखवून बंद झालेलं आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर जुन्या काळाची वर्णनं नको तिकडे घसरतात. "पोर्तुगीजांच्या वेळी सगळं स्वस्त आणि चांगलं मिळायचं," असं आजही काही जण म्हणतात. मिळायचं, हे खरं. पण 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्याच काळातली ही स्वस्ताई आहे. लोकांना तोंड उघडायची बंदी, आणि तोंडात घालायला परदेशी माल. बाबा राजकारणावर घरातसुद्धा हळू आवाजात बोलत. वहीत मात्र 15 ऑगस्टच्या तारखेला त्यांनी कसलीच विक्री लिहिली नव्हती. दुकान बंद होतं की त्यांनी मुद्दाम पान कोरं ठेवलं, हे मी त्यांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्या दिवसाचा हिशेब आमच्याकडे नव्हता."

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. मी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर जवानांना हात करत उभा होतो. पण त्या आनंदाबरोबर बाबांची नोकरी गेली, हेही त्याच आठवड्यातलं सत्य. लिस्बनशी व्यवहार संपला, आयात परवान्यांवर आली, पेढीचं ते खातंच उरलं नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं इंग्रजी शिकायला घेतलं, तेही मुलाच्या पुस्तकावरून. वर्ष-दीड वर्ष घर कुळागरातल्या सुपारीवर चाललं. मग एका खनिजाच्या कंपनीत हिशेबनीसाची जागा मिळाली. मुक्ती हवी होती का, असं कोणी विचारलं की बाबा चिडत. "हवी होती म्हणून तर किंमत दिली," म्हणत. अशी किंमत देणारे कितीतरी कारकून, बंदरावरचे तांडेल, दुकानदार होते. त्यांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत.

ती वाइन मी स्वतः चाखली 2019 साली, एकोणसत्तराव्या वर्षी. मुलीची बदली पोर्तो शहरात झाली होती, आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडे होतो. जून महिना. 23 जूनच्या रात्री तिथे सांव जुआंवचा उत्सव. आपल्याकडे 24 तारखेला पोरं डोक्याला फुलांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, तोच संत. तिथे लोक प्लास्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यावर टपल्या मारतात आणि प्रत्येक गल्लीत कोळशावर तारले भाजतात. हातात बारीक पानांच्या सब्जासारख्या झाडाच्या कुंड्या. बायको म्हणाली, "ही तर आपल्या तुळशीची धाकटी बहीण." भाजलेला तारला मक्याच्या भाकरीवर ठेवून देतात, तेल भाकरीत मुरतं. बरोबर 'काल्दो व्हेर्द', बटाट्याच्या पातळ सारात बारीक चिरलेला हिरवा पाला. त्या पाल्याला ते 'कोव्ह' म्हणतात, आपल्या मराठीतला 'कोबी' तिथलाच.

आणि थंडगार विन्यो व्हेर्द. पहिल्या घोटाला मला कैरी आठवली, मग लिंबू, मग सोड्याची चुणचुण. तारल्याचं तेल जिभेवरून साफ निघून गेलं आणि दुसरा तुकडा पहिल्यासारखाच लागला. आपण जेवताना सोलकढीचा घोट घेतो तो याचसाठी ना? आमसुलाचा आंबटपणा तेलकट, खारट तोंड धुऊन टाकतो. काम तेच, फक्त वस्तू वेगळी. शेजारच्या बायचं 'आंबट उदक' शंभर टक्के बरोबर वर्णन होतं. ते ताजं आणि गार मिळालं असतं तर तिनं कौतुकानं म्हटलं असतं, इतकाच फरक.

आता आपल्या ताटाशी ती कशी बसते, ते थोडक्यात. परत आल्यावर मी आणि माझ्या दोन निवृत्त मित्रांनी हे हळूहळू, वर्षभरात करून पाहिलं.

तळलेल्या पदार्थांशी ती सगळ्यात छान जमते. रव्यात घोळवलेले मुडदोशे, सुंगटां, इसवणाची तुकडी. शाकाहारी मंडळींसाठी नीरफणसाची किंवा सुरणाची कापां. आंबटपणा आणि बुडबुडे तेल कापतात. शिणाणे, तिसऱ्या, कालवं यांचा समुद्राचा खारटपणा तिला फार मानवतो. वर नुसतं लिंबू पिळावं, मसाला बेतानं. तिखटाबद्दल लोकांचा गैरसमज आहे की वाइन चालत नाही. कडक वाइननं मिरची भडकते, पण हिच्यात मद्यार्कच कमी, त्यामुळे साध्या हुमणाबरोबर त्रास होत नाही. नारळाचा रस दाट असेल तर मिश्रणापेक्षा आल्वारिन्यो बरी, तिच्या अंगात थोडा जोर असतो. आंबोटीक आणि रेशाद भरलेला बांगडा मात्र हिला जड जातो. एक साधा नियम लक्षात ठेवावा : ताटातला पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट लागते. विनागर घातलेल्या पदार्थाशी म्हणूनच तिची कुस्ती होते. विंदाल्यू वाइनपासून जन्मलं आणि आज त्याच वाइनशी पटत नाही, असा हा उफराटा न्याय. गोडाबरोबर तर नकोच. पातोळ्या चहाबरोबर खाव्यात.

घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. बाटलीवर सुगीचं साल असेल तर ते वर्ष-दोन वर्षांपलीकडचं नसावं. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नये, साठ वर्षांपूर्वीचं गुदामच ते. कोरडी हवी असेल तर 'सेको' शब्द शोधावा, कारण निर्यातीच्या बऱ्याच बाटल्यांत थोडी साखर ठेवतात. आठ-दहा अंशांवर गार करावी. आयातशुल्क वर्षानुवर्षं दीडशे टक्के राहिल्यामुळे तिथली चार-पाच युरोंची बाटली इथे अंगावर येते. परवडत नसेल तर नाशिककडची कोरडी सॉव्हिन्यों ब्लां किंवा शेनिन ब्लां आणावी. बुडबुडे नसतील, पण आंबटपणाचं काम होतं.

शेवटी एक विनंती, आणि खरं तर त्यासाठीच एवढं लिहिलं. बाबांची ती खतावणी आज माझ्याकडे नाही. घराची डागडुजी चालू असताना ती इतर कागदांबरोबर रद्दीत गेली, मी तेव्हा दुसऱ्या राज्यात बदलीवर होतो. वर लिहिलंय ते माझ्या वाचनातून आणि आठवणीतून. पणजीच्या पुराभिलेखागारात सोळाव्या शतकापासूनचे सरकारी कागद जपलेले आहेत, पण मडगाव, म्हापसा, फोंडा, डिचोली इथल्या पेढ्यांच्या मराठी वह्या माळ्यावरच कुजतायत. पोर्तुगीज राजवटीत कोणता माल आला, कोणी घेतला, कोणत्या दिवशी दुकान बंद राहिलं, हे सरकारी कागद सांगणार नाहीत. आमच्याच माणसांनी आमच्याच भाषेत लिहून ठेवलेला हा हिशेब आहे.

कोणाच्या घरी अशी वही असेल, मोडीत असो, बाळबोधीत असो, वाळवी लागलेली असो, तर रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्याआधी निदान पानांचे फोटो काढून ठेवा. अक्षर लागत नसेल तर मला कळवा. हिशेब वाचायची सवय अजून सुटलेली नाही.